राइट आऊटची स्टिक माळ्यावरून काढावी का?

पत्र

ताई, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. वय ६१, बँकेतून निवृत्त. माहेर खडकीचं, वडील दारूगोळा कारखान्यात होते. आमच्या वसाहतीत पोर चालायला लागलं की त्याच्या हातात हॉकीची स्टिक यायची, तशी माझ्याही आली. शाळेकडून, मग कॉलेजकडून आणि शेवटी विद्यापीठाच्या संघातून राइट आऊट, म्हणजे उजव्या कडेची फॉरवर्ड, खेळले. पुढे लग्न, बदल्या, मुलंबाळं. स्टिक माळ्यावर गेली ती अजून तिथेच आहे.

गेल्या महिन्यात अकरा वर्षांच्या नातीला घेऊन नेहरूनगरच्या स्टेडियमवर मुलींचे सामने बघायला गेले. पहिला चेंडू स्टिकवर वाजला आणि मला रडूच फुटलं. नात घाबरली. पण खरं सांगू? सामना मला आवडला नाही. कुणी ड्रिबल करत नाही, कुणी जागेवर थांबत नाही, नुसती पळापळ. घरी येऊन म्हटलं, मला पुन्हा खेळायचंय. लेक म्हणाली, "आई, गुडघे सांभाळ." हे नुसते हसले. जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तर सगळ्यांनी भराभर जुने फोटो टाकले, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. मैदानावर यायला मात्र एकही तयार नाही.

या वयात हे खूळ शोभतं का? आजची हॉकी मला का भिडत नाही? आणि नात स्टिक मागतेय, माझी जुनी तिला द्यावी का? तिच्या आईला तिच्या दातांची काळजी आहे.

— राइट आऊट, चिंचवड

उत्तर

प्रिय राइट आऊट ताई,

आधी एक सांगून टाकते. मी लेफ्ट हाफ. नागपुरात खेळले, नंतर शाळेत पी.टी. शिकवली आणि आंतरशालेय सामन्यांत शिट्टी फुंकली. म्हणजे उमेदीची बरीच वर्षं तुमच्यासारख्या राइट आऊटच्या मागे धावण्यात गेली आहेत माझी. तेव्हा या सदरात इतरांना मिळते तेवढी सहानुभूती तुम्हाला मिळेलच असं समजू नका.

शोभण्याचा प्रश्न दोन वाक्यांत संपवू. साठीनंतर लोक रायगड चढतात, झुंबा करतात, भजनी मंडळात पेटी शिकतात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि हॉकीच्या व्यवस्थेनेच तुमच्या वयाच्या लोकांसाठी दार उघडलेलं आहे: परदेशांत मास्टर्स हॉकी वयोगटांनुसार कितीतरी वर्षं चालू आहे, आणि आपल्याकडेही हॉकी इंडियाने २०२५ च्या जूनमध्ये चेन्नईत मास्टर्स कप भरवला, पुरुष चाळिशीच्या पुढचे, बायका पस्तिशीच्या पुढच्या. तुम्ही तिथे जा असं म्हणत नाही. पस्तिशीची डिफेंडर तुम्हाला खाऊन टाकेल. पण यजमान पुन्हा हसले तर एवढं सांगायला हरकत नाही.

मला तुमच्या पत्रातला जास्त महत्त्वाचा वाटला तो दुसरा प्रश्न. चेंडू वाजला म्हणून रडू आलं, आणि तरी सामना आवडला नाही. या दोन गोष्टी एकाच तासात घडल्या, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. पुष्कळ माजी खेळाडू पहिलीच गोष्ट सांगतात आणि दुसरीवर "आता पूर्वीची हॉकी राहिली नाही" असं म्हणून पडदा टाकतात. हे वाक्य मी इतक्या पॅव्हिलियनमध्ये ऐकलंय की ते ऐकलं की मी खुर्ची बदलते.

पूर्वीची राहिली नाही हे खरंच आहे. पण काय बदललं ते नीट पाहिलंत तर राग बराच कमी होईल. तुम्ही खेळलात मुरमावर. मुरमावर चेंडू सरळ येत नाही. खडा लागला की उडतो, खळगा लागला की वळतो. म्हणून आपण चेंडू आधी मेला, म्हणजे जागीच थांबला, की नाही ते बघायचो: कमरेत वाकून, दोन्ही हात खाली, स्टिक जवळजवळ आडवी. चेंडू ताब्यात आला की मग विचार. त्या एका क्षणात समोरची मुलगी अंगावर आलेली असायची, म्हणून तिला चकवणं आलं. आपली ती लाडकी ड्रिबलिंग, हातचलाखी, डावीकडे दाखवून उजवीकडे काढणं, यातलं निम्मं आपल्या कौशल्यातून आलं आणि निम्मं त्या मैदानाने आपल्यावर लादलं. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू सपाट येतो, वेगात येतो आणि थांबवता थांबवताच पुढे ढकलता येतो. चकवण्यापेक्षा पास देणं स्वस्त पडतं. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि वर्षभरापूर्वी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला पुरुष संघ तिथे सातवा आला. आपले खेळाडू वर्षभरात खेळ विसरले होते असं थोडंच आहे. पायाखालची जमीन बदलली होती, आणि तशी जमीन देशात सरावाला मिळेपर्यंत पुढची कितीतरी वर्षं गेली. टर्फ महाग, त्यावर पाणी मारावं लागतं, थोड्या वर्षांनी ते बदलावं लागतं. खडकीच्या वसाहतीत कोण अंथरणार होतं?

त्या १९७५ च्या अंतिम सामन्याच्या वेळी तुम्ही अकरा वर्षांच्या असाल, आत्ताच्या तुमच्या नातीएवढ्या. रेडिओवर जसदेव सिंग यांचा आवाज, पाकिस्तानविरुद्ध २-१, अशोककुमारचा तो गोल. आमच्या वाड्यात रेडिओ एकाच घरी होता आणि त्या घरच्या काकूंनी त्या दिवशी कुणालाही चप्पल काढायला लावली नाही. तुमच्या वसाहतीत काय झालं असेल याची मी कल्पनाच करते. ही गोष्ट नातीला सांगितलीत का? नसेल तर सांगा, पण एकदाच. दुसऱ्यांदा सांगायला लागलात की ती मोबाइल उघडेल आणि तिचं बरोबर असेल.

आता नियम. तुमची जागाच गेली आहे, ताई. राइट आऊट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड ही पाच जणींची ओळ आता कुणी लावत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑफसाइडचा नियम काढून टाकला, तेव्हापासून पुढची मुलगी थेट गोलच्या तोंडाशी उभी राहू शकते, आणि तिला अडवायला मागे कुणीतरी लागतंच. मैदान ताणलं गेलं. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे दम राखून खेळायची गरज उरली नाही. सहा-सात मिनिटं जीव तोडून धावायचं आणि बाहेर यायचं. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव जाऊन पंधरा-पंधराचे चार आले. फ्री हिट मिळाला की पास न देता स्वतःच चेंडू घेऊन निघता येतं, म्हणून शिट्टी वाजल्यावर आपण श्वास घ्यायचो तो श्वासही गेला. तुम्हाला जी पळापळ वाटली ती ही. सुरुवातीला बुली होत नाही हेही तुम्हाला खटकलं असणार. जमिनीवर टक, स्टिकवर टक, तीनदा, आणि मग झोंबाझोंबी. १९८१ मध्ये ती सुरुवातीची बुली गेली. मला स्वतःला तिची फार आठवण येते असं नाही, नडगीवर दोन खुणा अजून आहेत.

तर पुढच्या वेळी बघायला जाल तेव्हा असं करा. पहिली पंधरा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. उजव्या बाजूला, तुमच्या जुन्या जागेवर जी मुलगी धावत असेल तिच्याकडे बघा. चेंडू तिच्याकडे नसताना ती काय करते? बाजूच्या रेषेला चिकटून उभी राहते की आत येते? तिच्या मागची हाफ पुढे निघाली की ती कुणासाठी जागा मोकळी करते? तुमच्या लक्षात येईल की ड्रिबल कमी झालं ते पायांत गेलं. पूर्वी आपण चेंडू हलवून माणूस हलवायचो, आता त्या मुली स्वतः हलून माणूस हलवतात. तुम्ही राइट आऊट खेळलात, म्हणजे बाजूच्या रेषेवर एकटं राहून चेंडूची वाट बघणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याइतकं ते बघणाऱ्या इतर कुणालाच दिसणार नाही.

मग दुसऱ्या पंधरा मिनिटांत बचाव बघा. समोरच्या संघाची बॅक चेंडू घेऊन उभी आहे, आणि आपल्या तिघी-चौघी तिच्याकडे न जाता तिच्या पासच्या वाटा अडवून उभ्या आहेत. बॅकला वाटतं डावीकडे मोकळं आहे. ते मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं. ती तिकडे पास देते आणि झडप पडते. मला हे बघायला गोलपेक्षा जास्त आवडतं, पण मी लेफ्ट हाफ होते, आमची आवड अशीच असते.

आणि पेनल्टी कॉर्नर. तो मात्र थेट बघा, तिथे विचार करायला वेळच नसतो. बचावाला गोलरेषेमागे गोलकीपर धरून पाच जणी, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. गोलच्या खांबापासून दहा मीटरवरून चेंडू आत ढकलला जातो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर थांबवला जातो आणि मगच मारता येतो. आपल्या वेळी दणकून हिट मारायचो. आजच्या नियमात पहिला फटका हिट असेल तर तो गोलच्या मागच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे साधारण दीड फुटापेक्षा, वर जाता कामा नये; पण स्टिकवरून ओढून फेकलेल्या चेंडूला, ड्रॅग फ्लिकला, ही अट नाही. म्हणून सगळे फ्लिकच्या मागे. फ्लिक करणारीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुम्ही बचावातल्या त्या मुलीकडे बघा, जी चेंडू ढकलल्याबरोबर गोलरेषेवरून सरळ फ्लिक करणारीच्या अंगावर धावत जाते. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड, आणि समोरून येणारा चेंडू दीडशे ग्रॅमच्या वरचा. २ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं, तो गोल गुरजीत कौरचा पेनल्टी कॉर्नरवरचा. तो सगळ्यांना आठवतो. त्यानंतर सामना संपेपर्यंत ऑस्ट्रेलियाला किती कॉर्नर मिळाले आणि प्रत्येक वेळी कोण कोण अंगावर धावत गेलं, ते तो सामना पुन्हा लावून बघा. नेटवर सापडतो. चहा आधी करून घ्या.

टोकियोत त्या चौथ्या आल्या आणि देशभर डोळे ओले झाले. चांगलंच झालं. पण १९८० च्या मॉस्कोत महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हाही आपला संघ चौथाच आला होता, आणि त्यात पुण्याच्या एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन होत्या. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांच्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत एलिझा नेल्सन कर्णधार आणि भारताला सुवर्ण. त्या स्पर्धेपायी घराघरांत रंगीत टीव्ही आले असं म्हणतात. आमच्या घरात काही आला नाही, शेजारच्यांकडे आला. त्यावर अख्ख्या गल्लीने काय पाहिलं आणि काय लक्षात ठेवलं? पुरुषांचा पाकिस्तानकडून ७-१ असा पराभव. आजही कुणाही साठीच्या पुरुषाला १९८२ ची हॉकी विचारा, तो ते ७-१ सांगेल, मान हलवत. त्याच स्पर्धेत मुलींनी सुवर्ण जिंकलं होतं हे सांगितलं तर "हो का?" म्हणेल. ताई, तुमच्या पिढीच्या मुलींची हॉकी बघायला फारसं कुणी नव्हतंच. म्हणून तुमचे फोटो ग्रुपवर फिरतात आणि सामने कुणाच्याच आठवणीत नाहीत. मला वाटतं नेहरूनगरला तुम्हाला रडू आलं त्यात याचाही वाटा असावा. गॅलरीत मुलींचा सामना बघायला माणसं बसली होती, कुणाचे तरी आईवडील नाव घेऊन ओरडत होते. तुमच्यासाठी कोण ओरडलं होतं?

बघण्याच्या आनंदाबद्दल आणखी एक. टीव्हीवर हॉकी निम्मीच कळते, चेंडू मोठा दिसतो आणि मैदान दिसत नाही. मैदानावर जाऊनच बघा, आणि बसायला मध्यरेषेवरची जागा धरू नका. कोपऱ्याच्या झेंड्याजवळ, चार-पाच पायऱ्या वर बसा. तिथून मैदान तिरपं दिसतं आणि पास निघण्याआधीच त्याची वाट दिसते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत विश्वचषक झाला, चर्चगेटच्या स्टेडियममध्ये, गवतावर, तेव्हा मी मामांबरोबर अशाच एका कोपऱ्यात बसले होते. पाकिस्तानने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं. लोक हसन सरदारबद्दल बोलतात, बोलायलाच हवं. पण मी बघत होते कलीमुल्लाह, उजव्या कडेने सुटायचा तो. त्याला अडवायचं कसं, हाच विचार डोक्यात. आपला संघ पाचवा आला होता, आणि तरी बाहेर पडताना मामा आणि मी स्टेशनपर्यंत त्या पाकिस्तानी पोरांबद्दलच बोलत होतो. हॉकी बघणाऱ्याला हे सुख मिळतं, चांगल्या खेळापुढे झेंडा थोडा वेळ खाली ठेवता येतो.

आता खेळण्याबद्दल.

मैत्रिणींनी फोटो टाकले आणि कुणी यायला तयार नाही, यावर चिडू नका. तुम्ही "पुन्हा खेळूया" म्हणालात. हे ऐकून बासष्टीच्या बाईच्या डोळ्यांपुढे सत्तर मिनिटांचा सामना येतो, स्कर्ट येतो, फुटलेलं कोपर येतं. तिला सामन्याला बोलावू नका, सकाळच्या फिरण्याला बोलवा आणि येताना स्टिक आणायला सांगा. इंग्लंडमध्ये वॉकिंग हॉकी म्हणून प्रकार चालतो: धावायचं नाही, हिट नाही, चेंडू उचलायचा नाही, फक्त पुश आणि पास. त्यासाठी टर्फ नको, अकरा जणी नकोत. शाळेचं सपाट पटांगण आणि पाच-सहा जणी पुरे. खऱ्या चेंडूऐवजी सुरुवातीला टेनिसचा चेंडू घ्या. हलका लागतो, उसळतो, स्टिकवर तो आवाज येत नाही. पण नडगीवर बसला तर हसता येतं. आधी दोघींनी समोरासमोर दहा पावलांवर उभं राहून नुसते पुश पास. कंटाळा आला की अंतर वाढवा.

त्याआधी मात्र गुडघे दाखवून घ्या. लेक म्हणते ते टाळण्यासारखं नाही. हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे, त्यामुळे गुडघ्यांच्याही आधी कंबर बोलते, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते. डॉक्टरांना "मी व्यायाम सुरू करतेय" असं मोघम सांगू नका. "कमरेत वाकून, शरीर वळवून, अचानक दिशा बदलत खेळायचंय" असं सांगा, मग ते योग्य तिथे दाबून बघतील. आणि पहिले काही आठवडे रिव्हर्स स्टिकच्या, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळण्याच्या, नादाला लागू नका. मनगट पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं उरलेलं नाही, हे मनगटाला कळतं पण आपल्याला कळत नाही.

एक सूचना तुम्हाला आवडणार नाही. नेहरूनगरला मुली सराव करताना दिसतील तेव्हा त्यांना शिकवायला जाऊ नका. "आमच्या वेळी" हे दोन शब्द कोचच्या देखत काढू नका. त्या मुली वेगळ्या जमिनीवर वाढल्या आहेत. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ, या सातारा जिल्ह्यातल्या, फलटण भागातल्या मुलींनी भारताची जर्सी घातली. फलटण! आपल्या वेळी मराठी हॉकी म्हणजे खडकी, पुणे कॅम्प, मुंबईची ख्रिश्चन आणि पारशी मंडळी, थोडं आमचं नागपूर. ऊस-डाळिंबाच्या गावातून मुलगी भारताकडून हॉकी खेळेल, असं तेव्हा म्हटलं असतं तर आपणच हसलो असतो. त्या मुलींना तुमचा सल्ला नको असेल, पण प्रेक्षक हवा असतो. आंतरशालेय सामन्यांना जा, गॅलरी तिथे खरोखर रिकामी असते. नाव विचारून घ्या आणि नाव घेऊन ओरडा. ज्या मुलीचे आईवडील कामावरून सुटून येऊ शकले नाहीत तिच्यासाठी जरा जास्त ओरडा.

(आणि हो, खडकीचा म्हणून धनराज पिल्लेचा किस्सा नातीला जरूर सांगा: कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन, ड्रिबलिंगसाठी नावाजलेल्या महंमद शाहिदची नक्कल करत शिकलेला मुलगा पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळला. तो तुमच्याहून चारेक वर्षांनी लहान. त्याच मातीत तुम्हीही खेळलात, तेव्हा कुठल्या मैदानावर, कुठल्या झाडाकडून कुठल्या भिंतीपर्यंत, ते तिला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. भिंत अजून असेल तर.)

राहिली स्टिक.

तुमची जुनी स्टिक नातीला देऊ नका. तुतीच्या लाकडाची, बहुधा जालंधरची, आणि पूर्ण मापाची असणार. अकरा वर्षांच्या मुलीला ती जड आणि लांब पडेल, आणि लांब स्टिक घेऊन शिकलेलं मूल वाकायलाच शिकत नाही. तिला जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत येईल एवढी स्टिक घ्या, त्या उंचीला बहुतेक ३४ इंची बसते. पहिल्या वर्षी महागडी कार्बनवाली नको. दुकानदार ती दाखवेल कारण तिच्यात त्याचा फायदा आहे. चेंडू तिच्यावरून उसळून जातो आणि नवशिक्या हाताला तो थांबवता येत नाही. डावखुरी असेल तर "डाव्या हाताची द्या" म्हणू नका, डाव्या हाताची हॉकी स्टिक नियमातच नाही. दातांसाठी माउथगार्ड मिळतो, गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबला की त्याच मापाचा होतो. तो आणि शिन गार्ड या दोन वस्तू स्टिकच्याही आधी घ्या आणि लेकीच्या हातात द्या, म्हणजे तिची अर्धी हरकत तिथेच मिटेल. उरलेली अर्धी उन्हाची, अभ्यासाची आणि नववी-दहावीची असते. त्यावर वाद घालू नका. अजून तीन वर्षं आहेत.

जुनी स्टिक माळ्यावरून काढा ती तुमच्यासाठी. आधी उन्हात धरून नीट बघा. वळणापाशी उभी चीर असेल, किंवा जमिनीवर हलकेच आपटल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर ती स्टिक संपली. टेप गुंडाळून खेळू नका, फुटली तर तुकडा कुणाच्या डोळ्यात जाईल. चीर नसेल तर कोरड्या फडक्याने पुसून कच्च्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्या आणि दोन दिवस सावलीत उभी ठेवा. ग्रिप मात्र नवीच लागेल. जुनी टॉवेलची ग्रिप आता हाताला पिठासारखी सुटेल. कॅम्पातल्या खेळाच्या दुकानात चामॉइस ग्रिप मागा, ती ओल्या हातातही सरकत नाही. गुंडाळायला वरून सुरुवात करा, आणि ते काम नातीकडून करून घ्या, तिची बोटं तुमच्यापेक्षा घट्ट ओढतील.